सहाचे बारा, बाराचे अठरा

स्वयंपाक आवरला असेल तर क्रोशाची सुई आणि लोकर घेऊन बसा. नसेल आवरला तर नुसतं ऐका, हात रात्री चालवा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटानं क्रोशाची छोटी खेळणी शिकायला घेतली. आपल्या माणदेशात क्रोशा काही नवा नाही. दाराचं तोरण, ताटावरचा रुमाल, बाळाचं टोपडं, कुणाच्या ना कुणाच्या आजीच्या पेटीत सापडतंच. मला वाटलं, खेळणं काय, सहज जमेल. मी बीए झालेली, गटाचं हिशेबाचं पुस्तक लिहिणारी. आणि माझा पहिला चेंडू झाला टोपीसारखा. दुसरा एका बाजूनं सुजलेला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वांगं चांगलं झालंय."

गटातल्या एका मावशींचा मात्र पहिल्याच दिवशी गोल आला. त्यांना अक्षर येत नाही. त्यांनी पदरात चिंचोके घेतले होते, एक टाका झाला की एक चिंचोका या मांडीवरून त्या मांडीवर. मी गप्पा मारत विणत होते, त्या मोजत होत्या. एवढाच फरक.

तर ते मोजणं सांगते. सुरुवातीला दोन साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत, म्हणजे अगदी पहिल्या घातलेल्या साखळीत, सहा मुके खांब घाला. मुका खांब म्हणजे घरात सुई घालायची, धागा ओढून आणायचा, सुईवर दोन फासे झाले की धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. झाले सहा. पुढच्या फेरीत प्रत्येक घरात दोन-दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एका घरात एक, पुढच्यात दोन, असं करत अठरा. चौथीत दोन घरांत एक-एक आणि तिसऱ्यात दोन, म्हणजे चोवीस. पाचवीत तीन साधी, चौथ्यात दोन, म्हणजे तीस. दर फेरीला सहा वाढतात, कमी नाही, जास्त नाही. कमी वाढले तर वाटी होते, जास्त वाढले तर झालर पडते.

तीस झाले की वाढवणं बंद. पाच फेऱ्या तशाच सरळ विणा. मग ज्या वाटेनं वर गेलो त्याच वाटेनं उतरायचं, तिसाचे चोवीस, चोवीसाचे अठरा. इथं दोन घरांचा मिळून एक खांब होतो. तेव्हा दोन्ही घरांची फक्त पुढची पाकळी सुईवर घ्या, म्हणजे भोक दिसत नाही. अठरावर आलात की आत भरण भरा, मग बारा, मग सहा, आणि तोंड ओढून बंद. मोठ्या लिंबाएवढा चेंडू होतो. त्याला चोच आणि दोन पंख लावले की कोंबडीचं पिल्लू.

रुमाल विणणाऱ्या बायका इथंच चुकतात. रुमालाची फेरी आपण जोडून बंद करतो, वर साखळी घालून पुढची सुरू करतो. खेळण्यात फेरी बंद करायची नाही, गोल गोल चढत जायचं. म्हणून फेरी कुठं सुरू झाली ते कळत नाही. पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवा.

लोकर म्हटलं की आपल्याला मेंढरं आठवतात. पण आपल्या मेंढ्यांची लोकर घोंगड्याची, खरखरीत. बाळाच्या गालाला ती नको. बाजारातली अ‍ॅक्रिलिक किंवा सुती लोकर घ्या, आणि सुई जरा बारीक, अडीच ते तीन मिलिमीटरची. टाके घट्ट आले पाहिजेत, नाहीतर भरण बाहेर डोकावतं. भरायला कापूस नको, धुतला की गोळा होतो आणि आतून लवकर वाळत नाही. उशीत घालतात ते फायबर घ्या.

मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांनी "अमिगुरुमी" असं बोलून शोधा, जपानी शब्द आहे. अमेरिकन व्हिडिओत आपल्या मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पुस्तकात त्यालाच डबल क्रोशे. आमच्या दोघींनी त्यापायी एक अख्खा हत्ती उसवला.

आता डोळ्यांचं. माझ्या तिसऱ्या पिल्लाला मी काळी बटणं लावली. फार गोड दिसत होतं. माझ्या जावेच्या मुलानं, दीड वर्षाचा आहे, चोखता चोखता एक बटण उपटलं. जावेनं तोंडात बोट घालून काढलं म्हणून बरं. मी समोर बसले होते आणि मला कळलंही नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या गटात बटण नाही, मणी नाही. डोळे काळ्या दोऱ्यानं भरायचे. कितीही पक्कं शिवलं असलं तरी लहान लेकराच्या खेळण्याला बटण लावू नका. पंख आणि चोचसुद्धा शिवल्यावर जोरानं ओढून बघा.

आणि विकायचं मनात असेल तर दोन गोष्टी. जत्रेत आम्ही पिल्लं ऐंशी रुपयांना विकली. सगळी गेली, आम्ही खूश. रात्री मी हिशेब लिहायला बसले. एका पिल्लाचं सामान पंचवीस रुपयांचं, विणायला पाच तास. म्हणजे तासाला अकरा रुपये. आठ तासांचे अठ्ठ्याऐंशी. 2024-25 साली रोजगार हमीचा रोज 297 रुपये होता. मी वही सगळ्यांसमोर वाचली तेव्हा कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "मग आपण खड्डे खणायलाच का जात नाही?" आता हात बसलाय, पिल्लू दोन तासांत होतं, आणि आम्ही दीडशेच्या खाली देत नाही. गिऱ्हाइकं कमी झाली, ते खरं आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयात नोंद असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या मालासाठी, त्यातून सूट आहे. त्या कार्यालयाकडून कारागिराचं पहचान कार्ड मिळतं. दुकानदाराला माल देण्याआधी आपल्याला काय लागू होतं ते तिथं विचारून घ्या. आमच्या अकरा जणींनी अर्ज भरलेत. मावशींनी अंगठा नाही दिला, सही केली. महिनाभर गिरवत होत्या.

पुढच्या बुधवारी हत्तीची सोंड. ती सहावर सुरू होते आणि बऱ्याच फेऱ्या सहाच राहते. तोवर चेंडू करून ठेवा, आणि चिंचोके घेऊन बसा.