एस्टिमेटमध्ये आपण कुठं असतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला निरोप होता, कविता वाच. कविता आज वाचणार नाही. आज मी सरकारी टेंडरातले काही शब्द घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. हसा खुशाल. पण ज्या भाषेत आपली मजुरी ठरते, आपल्या वस्तीचं गटार किती खोल जाणार ते ठरतं, ती भाषा आपल्यातल्या बी.ए., एम.ए. झालेल्यांनाही वाचता येत नाही. मी तर मॅट्रिक. गोदीत लॅशिंगचं काम करतो, ठेकेदाराकडं. हे कागद वाचायला शिकलो ते रागानं शिकलो. डिक्शनरी मांडीवर घेऊन.

आपल्या मराठीत या धंद्याला नावं तरी किती! ठेका, मक्ता, कंत्राट, मराठवाड्यात गुत्ता. कंत्राट पोर्तुगीजांनी दिलं, मक्ता अरबीतून आला, टेंडर इंग्रजांचं, आणि निविदा संस्कृत पंडितांची. एवढ्या भाषांनी मिळून आपल्याला राबवून घेतलं. फक्त गावकीतल्या राबण्याला दर नव्हता. वेठीला कोण एस्टिमेट करतो? येसकराची पायपीट, मेलेलं ढोर ओढणं, साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत नेणं, याचं मोजमाप कुठल्या वहीत लिहिलं होतं? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. म्हणजे दर असणं ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. दराला शिव्या घालायला मी आलेलो नाही. दर लिहिला जातो आणि आपल्या हातात पडत नाही, तो मधल्या मधे कुठं जिरतो, ते दाखवायला आलो आहे.

आता एस्टिमेट. मराठीत अंदाजपत्रक. अंदाज म्हटलं की वाटतं, असेल काहीतरी ढोबळ. ढोबळ नसतं. समजा वस्तीत गटार करायचं. इंजिनियर त्याचे तुकडे पाडतो, त्याला आयटम म्हणायचं. खणणे एक आयटम, तळाला काँक्रीट दुसरा, भिंत तिसरा, वर झाकणं चौथा. प्रत्येक आयटमचं परिमाण काढतो आणि दरसूचीतल्या दरानं गुणतो. राज्याच्या पीडब्ल्यूडीची दरसूची असते, केंद्राच्या सीपीडब्ल्यूडीची वेगळी. पण खरी पोथी दरसूचीच्या मागं असते. तिचं नाव दर-विश्लेषण, रेट ॲनालिसिस. एक घनमीटर खणायचा दर अमुक, तो कसा आला? इतके मजूर, इतकी हत्यारं, इतकं मशीन, वर ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा. सीपीडब्ल्यूडीच्या विश्लेषणात हा वरखर्च-नफा मिळून शेकडा १५ धरतात. आधीच. टेंडर निघायच्या आधी. ठेकेदाराचा नफा सरकारनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेला असतो, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

त्या विश्लेषणात मजुरांची यादी आहे. वाचून दाखवतो: बेलदार, कुली, भिस्ती, मेट, गवंडी पहिला वर्ग, गवंडी दुसरा वर्ग. ऐकलंत? बेलदार आपल्याकडं जात आहे, महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत तिचं नाव आहे. भिस्ती म्हणजे पखालीनं पाणी वाहणारा, तीही जातच. देशाचं संविधान लागू होऊन ७५ वर्षं उलटली आणि देशाच्या इमारती बांधणाऱ्या खात्याच्या पुस्तकात खणणाऱ्या हाताचं नाव अजून जातीचं. इंजिनियर म्हणेल, अरे बाबा, तो टेक्निकल शब्द आहे. असेल. मग पहिल्या वर्गाच्या गवंड्यापुढं कुणाची जात का नाही लिहिली?

आणि हा बेलदार पुस्तकात अख्खा येत नाही. दशांशात येतो. एवढ्या खणाईला शून्य पूर्णांक अमुक बेलदार, शून्य पूर्णांक तमुक कुली. गणिताला ते लागतं, मला कळतं. पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर विचार करत होतो, माणसाचा पाव भाग म्हणजे कोणता भाग? हात की पाठ?

लीड आणि लिफ्ट हे दोन शब्द पाठ करा. माती खणून किती लांब टाकायची ते लीड, किती खोलातून वर काढायची ती लिफ्ट. खणाईच्या साध्या आयटममध्ये ५० मीटर लीड आणि दीड मीटर लिफ्ट धरलेली असते. त्याच्या पुढं गेलं की जादा दर. म्हणजे पाटी घेऊन ७० मीटर चालायला लावलं तर त्या वरच्या २० मीटरचे पैसे सरकार देऊ शकतं. देतंही. बिलात लीड चढते. पाटी वाहणाऱ्या बाईला कुणी सांगितलंय का कधी, की तुझ्या चालण्याला दर आहे? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या खडी फोडायला, माती उचलायला गेल्या. चौकडी मोजून, ब्रासवर मजुरी. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आजीला ब्रास कळत होता, कारण मुकादम टेप कुठं सैल धरतो ते ती डोळ्यांनी बघत होती. आपण शहरात येऊन शिकलो आणि टेपच विसरलो.

आता सगळ्यात खतरनाक शब्द. बिलो. टेंडर फुटतं तेव्हा ठेकेदार म्हणतो, मी एस्टिमेटच्या १५ टक्के बिलो, दुसरा म्हणतो २० टक्के बिलो. सगळ्यात खाली जो, तो एल-वन. काम बहुतेक वेळा त्याला. पेपरात बातमी येते, जनतेच्या पैशाची बचत. बरं. आपण हिशेब करू. समजा एस्टिमेट १० लाखांचं. त्यात शेकडा १५ नं धरलेला वरखर्च-नफा निघतो साधारण १ लाख ३० हजार. मजुरी धरा ३ लाख. बाकी माल आणि मशीन. ठेकेदार २० टक्के बिलो गेला, हातात आले ८ लाख. हे २ लाख कुठनं कमी झाले? सिमेंटवाला त्याला बिलो देत नाही. सळईवाला देत नाही. डिझेल पंपावर टेंडर चालत नाही. त्यानं आपला सगळा नफा सोडला तरी ७० हजार कमी पडतात, आणि नफा सोडायला तो काय बुद्धविहार बांधायला निघालाय? वर ज्याचा त्याचा टक्का, तो वेगळाच. मग दोनच जागा उरतात. मसाला किंवा माणूस. मसाल्यात सिमेंट कमी पडलं तर पावसाळ्यात गटार फुटून दिसतं. माणसात कमी पडलेलं कुणाला दिसत नाही. सगळे २ लाख मजुरीतून ओढले तर ३ लाखांचा राहिला १ लाख. पुस्तकात तीन बेलदार, जागेवर एक. किंवा जागेवर तिघं आणि पगार एकाचा.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. आपल्या राज्यात फार बिलो गेलं की जादा सुरक्षा ठेव मागतात. कशासाठी? काम अर्धवट टाकून ठेकेदार पळाला तर काम सुरक्षित राहावं म्हणून. बयाणा रक्कम कामासाठी, अनामत कामासाठी, दोष दायित्व कालावधी कामासाठी. भिंतीला तडा गेला तर ठेकेदार जबाबदार. गवंड्याच्या बरगडीला तडा गेला तर ते कुठल्या अनामतीतून कापायचं?

कायदे झाले नाहीत असं नाही. बांधकामाच्या खर्चावर शेकडा १ उपकर १९९६ च्या कायद्यानं बसवला, बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी. तो एस्टिमेटमध्येच धरलेला असतो. पण मंडळात नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचं नाव हजेरीपटावर चढवलंच नाही तो दाखला कुणाकडं मागणार? तीच गत १९७० च्या ठेका कामगार कायद्याची. २० कामगार असतील तर लागू. मग काय, काम फोडा, १८-१९ माणसांचे गठ्ठे करा. पुढं महाराष्ट्रानं २० चे ५० केले, आणि २०२० च्या संहितेतही ५० च ठेवले. गठ्ठे मोठे बांधायची सोय झाली.

मुंबईचंच घ्या. महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत झोपडपट्टीत झाडू मारणारा माणूस कामगार नव्हता, तो 'स्वयंसेवक' होता. त्याला मिळत होतं ते 'मानधन'. काय शब्द आहेत! मान आणि धन, दोन्ही नसताना. कचरा उचलणाऱ्या २,७०० ठेका कामगारांसाठी कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं भांडला. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना कायम करायचा निकाल दिला. शब्दांच्या मागं माणूस आहे हे सिद्ध करायला दिल्लीपर्यंत जावं लागलं, आणि निकालानंतरही अनेकांना नावाच्या स्पेलिंगवरून अडवलं.

आता शिकलेल्या पोरांनो, तुम्ही म्हणाल हे गटारवाल्यांचं झालं, आमचं काय? तुमचंही त्याच कागदावर आहे. राखीव जागा असते पदाला. पद काढून टाकलं आणि त्याच कामाला 'सेवा' म्हटलं की आरक्षण गेलं, कारण सेवेचं टेंडर निघतं, पदाची भरती निघते. ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे चार वर्ण पाडून एजन्सीकडून माणसं घ्यायची ठरली होती. चार! बोंबाबोंब झाली, ऑक्टोबरात तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पद्धत चालूच आहे. टेंडरात तुम्ही 'मनुष्यबळ' असता. नग इतके.

आणि मॅनहोल. तिथल्या आयटमला नाव असतं, गाळ काढणे. गाळ! त्या शब्दात मैला नाही, वायू नाही, कमरेला दोर बांधून उतरलेला आपला भाऊ नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ साली ३० लाख. पण करारात एक कलम असतं, इंडेम्निटी. म्हणजे काही झालं तर सगळी जबाबदारी ठेकेदाराची, खात्याला तोशीस नाही. काम निघायच्या आधीच खात्यानं हात धुतलेले असतात.

काहीजण म्हणतात, मग आपलेच ठेकेदार होऊ द्या. बाबासाहेबांनीही २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात सीपीडब्ल्यूडीच्या ठेक्यांत अस्पृश्यांचा वाटा मागितला होता. ते खातं तेव्हा त्यांच्याच मजूर खात्याखाली होतं. कर्नाटकानं कायद्यानं ठेक्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण दिलं, २०२३ मध्ये त्याची मर्यादा १ कोटीच्या कामांपर्यंत नेली. मिळू दे. मागू या आपणही. पण तो आपला ठेकेदार २० टक्के बिलो गेला तर त्याच्या पाटीखाली कोण असणार, हे त्याला जयंतीच्या स्टेजवर चढवायच्या आधी विचारा.

करायचं काय, ते सांगतो. एम.बी. मागा. मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तक. इंजिनियरनं जागेवर मोजून लिहिलेलं काम त्यात असतं आणि त्यावरच बिल निघतं. पानांना नंबर, खाडाखोड चालत नाही, आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर. २००५ च्या माहिती अधिकारात कलम २ (जे) वाचा. नुसते कागद नाही, काम पाहायचा आणि मालाचा नमुना घ्यायचाही अधिकार आहे. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा हा कायदा नव्हता. तिथं सरकारी कागद लोकांपुढं मोठ्यानं वाचले गेले. तिथं पुढारी नव्हते बोलत, आकडे बोलत होते.

एका वस्तीत आम्ही हेच केलं. नाव सांगत नाही, पोरं अजून तिथं राहतात. एम.बी.त गटार ९० मीटर. आम्ही टेप लावला, ७२ भरलं. खणाईत लीड जादा लावलेली, आणि माती तर तिथंच शाळेच्या भिंतीला टाकलेली. कागद आणि टेप घेऊन दहा-बारा जणं ऑफिसात गेलो. कुणी आवाज चढवला नाही. साहेबानं आधी पंखा फास्ट केला, मग चहा मागवला. उरलेले १८ मीटर पंधरा दिवसांत झाले. मजुरांच्या पैशाचं अजून झालेलं नाही, कारण हजेरीपटाची प्रत ते देत नाहीत. अपील केलंय.

तर पुढच्या रविवारी ज्याच्या त्याच्या वस्तीत जे काम चालू असेल त्याच्या बोर्डावरचा आकडा, ठेकेदाराचं नाव आणि कार्यादेशाची तारीख उतरवून आणा. बोर्ड नसेल तर नाही म्हणून लिहा. तीस मीटरचा टेप आपल्याकडं एकच आहे, आणखी दोन लागतील. अर्जाचा नमुना मी लिहून आणतो.