औषधाचा खाडा का पडतो?



सिस्टिक फायब्रोसिस हे नाव इथल्या बहुतेकांनी आज पहिल्यांदाच ऐकलं असेल. तरी चिंचोळी एमआयडीसीत बोलायला मी हा विषय घेतला, याचं एक कारण आपला उन्हाळा. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा अंगातलं पाणी आटून इस्पितळात आलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं बरीच निघाली. डॉ. पॉल दि सांत'आन्येझे यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि १९५३ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामातून मीठ प्रमाणाबाहेर जातं. आजही निदानाची मुख्य तपासणी घामाचीच आहे. सोलापूरच्या मे महिन्यात असं मूल किती लवकर ढेपाळेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आजार जन्मजात. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू घर करतात. बहुतेकांच्या स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात पोचत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं डॉक्टरही बरीच वर्षं धरून चालले होते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं शोधली, त्यांच्यावर उपचार केले. तरी अजून खोकला म्हणजे टीबी आणि हडकुळं म्हणजे कुपोषण, असं ठरून कितीतरी मुलांची वर्षं वाया जातात.

निदान झालं की खरी कसोटी सुरू होते. एक सकाळ बघा. उठल्या उठल्या नेब्युलायझर मशीनवर मिठाच्या पाण्याची वाफ. मग छाती मोकळी करायचे व्यायाम: खोल श्वास, जोरात उच्छ्वास, खोकून कफ बाहेर. काहींना त्यानंतर अँटिबायोटिकची वाफ. मग मशीनचा कप धुवायचा, उकळायचा, कोरडा करायचा. खाण्याच्या पहिल्या घासाबरोबर पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल. संध्याकाळी पुन्हा तेच. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांत संपतो, हा संपतच नाही.

लहानपणी आई सगळं करून घेते. तेरा-चौदाव्या वर्षी खाडे पडायला लागतात. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीला तेल भरपूर, म्हणजे कॅप्सूल हवीच. पण समोर चार मित्र बसलेले, त्यातला एक विचारतो, "कसल्या रे गोळ्या?" दुसऱ्या दिवसापासून कॅप्सूल खिशातच राहते. दुपारी पोटात कळ येते, ती घरी कुणाला कळत नाही. आपण म्हणतो, "पोरगं ऐकत नाही." मला हे निदान मान्य नाही. चारचौघांत वेगळं दिसायची लाज त्या वयात दुखण्याहून मोठी असते.

ब्रिटनमध्ये या खाड्यांवर नीट काम झालं. डोसांची नोंद आपोआप ठेवणारी नेब्युलायझर मशीनं देऊन १९ केंद्रांतल्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला स्वतःचे आकडे बघता येत होते, आणि अडतं कुठे, कोणती वेळ जमेल, हे कुणीतरी शेजारी बसून विचारत होतं. वर्षभरात या गटाने सुमारे ५३ टक्के डोस घेतले, दुसऱ्याने ४३ टक्के. छातीचा त्रास बळावणं मात्र त्यामुळे ठळकपणे कमी झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण इतकी सोय असतानाही निम्म्याच्या आसपास डोस चुकतात, मग आपण पंधरा वर्षांच्या पोरावर ओरडून काय मिळवणार?

विचारण्याची पद्धत बदला. "घेतलंस का?" म्हटलं की "हो" हेच उत्तर येतं. "या आठवड्यात किती चुकले? कोणत्या वेळचे?" असं विचारा, आणि खरं सांगितलं म्हणून रागावू नका. जबाबदारी एकदम अंगावर टाकू नका. आधी डबीत कॅप्सूल भरणं, मग मशीन धुणं, मग डॉक्टरांशी स्वतः बोलणं. वर्गशिक्षकांना सांगायचं असेल तर आधी मुलाला विचारा. उन्हाळ्यात मीठ किती वाढवायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता कारखान्यांकडे येतो. पहिल्या शिफ्टची बस गाठायला आईवडील अंधारात घर सोडत असतील, तर सकाळची वाफ कोण बघणार? कशीबशी घडी बसते, तोवर शिफ्ट फिरते. हीच अडचण थॅलेसेमियाच्या, दम्याच्या, इन्सुलिनवरच्या मुलांच्या घरीही असते. म्हणून इथल्या व्यवस्थापकांना आणि सुपरवायझरना माझी विनंती आहे: घरी असं मूल असलेला कामगार अर्ज घेऊन आला, तर त्याला एकच शिफ्ट कायम द्या. आणि तुमच्यापैकी कुणाच्या बाळाचा पापा घेताना खारट लागत असेल, खोकला हटत नसेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि घामाची तपासणी कुठे होईल ते स्वतःहून विचारा.