एका नावाच्या चार फाइली

मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि शिक्षण’. एवढ्या मोठ्या विषयावर मला बोलता येणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि मागच्या सुट्टीत अमरावतीहून अकोल्याला जाऊन माझ्या खालाचा लॅपटॉप आवरून दिला. तेवढंच सांगतो.

खाला उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. लॅपटॉप उघडला तर डेस्कटॉपवर बोट ठेवायला जागा नाही. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘रिझल्ट फायनल’, ‘रिझल्ट फायनल नवा’, ‘मॅडम का अर्जंट’. हसू नका, आपल्या फोनमध्येही हेच आहे. आणि हा काही आळस नाही. व्हॉट्सॲपवर तक्ता येतो, संध्याकाळपर्यंत भरून मागतात. शिक्षक जुनी यादी उचलतो, नव्या तक्त्यात चिकटवतो, की झाली आणखी एक प्रत तयार.

मी विचारलं, “खाला, यातली वर्गाची खरी यादी कोणती?”

“बेटा, सभी सही हैं.”

खरी अडचण तीच होती. एका मुलाच्या नावातला ‘मोहम्मद’ चार फाइलींत चार तऱ्हेचा. मोहम्मद, मोहंमद, महंमद आणि नुसतं ‘मो.’ उर्दूत हा शब्द एकाच पद्धतीने लिहितात. मीम, हे, मीम, दाल, संपलं. पण खालाच्या शाळेत हजेरी उर्दूत, दाखला मराठीत आणि पोर्टल इंग्रजीत. एका लिपीतून दुसरीत जाताना दर वेळी लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येईल ते उतरतं. युडायस प्लसवरचं नाव आधारशी जुळलं नाही तर मुलाचा अपार आयडी तयार होत नाही. पुढे दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, बँक खातं, सगळीकडे तीच चूक त्याच्या मागे फिरते. खालाने ही चूक मागच्याच वर्षी दुरुस्त केली होती, पण एका फाइलीत. पोर्टलवर भरली गेली ती दुसरी. मुलाचे वडील रोजी बुडवून तीन दिवस चकरा मारत होते. आपल्या घरांत ही कथा कुणाला नवी नाही.

माझ्या धंद्यात माणसाच्या नावावरून नोंद कधी शोधत नाहीत. खालाच्या वर्गात शेख किती तरी. नावाला जन्मतारीख जोडावी म्हणाल, तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीत अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला, कारण ती तारीख गुरुजींनीच टाकलेली! म्हणून पहिला रकाना ठेवला जनरल रजिस्टर नंबरचा. तो शाळेत एका मुलाला एकदाच मिळतो. पुढे नावाचे तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. स्पेलिंग जनरल रजिस्टरवरून घेतलं, आणि जिथे आधारवर वेगळं होतं तिथे पालकांना बोलावून विचारलं. बाकीचे तक्ते, म्हणजे हजेरी, आकारिक नोंदी, निकाल, व्हीलुकअपने याच यादीतून नाव उचलतात. दुरुस्ती एकाच जागी. या कामाला दोन दिवस गेले, त्यातला दीड दिवस पालकांशी बोलण्यात. एक्सेल त्यातलं सोपं काम होतं.

फोल्डरचं फार काही नाही. आधी वर्ष, मग इयत्ता, आत नियोजन, प्रश्नपत्रिका, निकाल. फाइलीचं नाव वर्षापासून सुरू करायचं, ‘२०२५-०६’ असं, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो. आधार कार्डांचे फोटो पेन ड्राइव्हवर पडले होते, ते पुसले. तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात किती वेळा गेला असेल, विचार करा. सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली.

वेळ खाल्ला तो इनपेजने. १९९४ साली हे सॉफ्टवेअर आलं आणि उर्दू छपाई कातिबाच्या हातून कॉम्प्युटरवर गेली, हे त्याचं मोठं काम. पण त्याच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. इनपेज नसेल तर उघडत नाहीत, विंडोजच्या शोधात आतला शब्द सापडत नाही. (मराठीत जुन्या श्रीलिपी, कृतिदेवच्या फाइलींचं दुखणं हेच.) खालाच्या पंधरा वर्षांच्या स्वाध्यायपत्रिका, गणिताच्या, तिने स्वतः रचलेल्या, त्यात अडकलेल्या. रिटायर झाल्यावर त्या कुणाच्याही कामाच्या राहिल्या नसत्या. आम्ही त्या बदलून घेतो आहोत. बदलताना शब्द तुटतात, आकडे हलतात, म्हणून प्रत्येक पान ती स्वतः वाचते. पाचवी-सहावीचं झालंय. आता शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेने ‘कसर’ टाइप केलं की अपूर्णांकांच्या सगळ्या पत्रिका समोर येतात. आठवीचं बाकी आहे.

फॉर्म्युले घातलेली कोरी यादी मी सोबत आणली आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी शिक्षक असतील तर घेऊन जा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वेळ आहे. आणि त्यांच्याशेजारी बसून करा. ‘मॅडम का अर्जंट’ मी विचारल्याशिवाय उडवणार होतो, त्यातच सहामाहीचे गुण होते.