बोलणं तेच, माणूस वेगळा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



बाप्पापुढे उभं राहून व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर काही भुवया उंचावल्या, हे मी पाहिलं. पण विषय माणूस ओळखण्याचा आहे, म्हणून जरा सांभाळून घ्या.

‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे जोडगेम १९९९ साली जपानमध्ये आले. त्यात आपला एक प्रतिस्पर्धी आहे. सुरुवातीलाच तो प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतून एक पोकेमॉन चोरतो. पोलीस चोराचं नाव आपल्यालाच विचारतो आणि आपण देऊ ते त्याचं नाव पडतं. खेळणारे त्याला सहसा सिल्व्हर म्हणतात. भेटेल तिथे हा धक्के देतो, टाकून बोलतो. दुबळे पोकेमॉन त्याच्या लेखी कुचकामी. पुढे लान्स नावाचा श्रेष्ठ खेळाडू त्याला हरवतो आणि सुनावतो, की तुझं तुझ्या पोकेमॉनवर प्रेम नाही, विश्वासही नाही. हे त्याला फार झोंबतं.

शेवटी शेवटी तो जरा नरमतो. आमच्या घरी वाद झाला तो इथे. माझी मुलगी म्हणे, तो खरंच बदलला. माझा भाचा म्हणे, “मामा, हरला म्हणून नरमला. अजून तोंड तेवढंच तिखट आहे.”

मी पेशाने उपयंत्री. ठेकेदार गोड बोलतो की कडू, याची नोंद मेजरमेंट बुकात होत नाही. नोंद होते ती झालेल्या कामाची. म्हणून मी मुलांना म्हटलं, त्याचं बोलणं बाजूला ठेवा, त्याचं वटवाघूळ बघा.

त्याच्याकडे झुबॅट असतो. २२व्या लेव्हलला झुबॅटचा गोलबॅट होतो. त्याला माया लागत नाही, नुसतं लढवत राहिलं तरी होतो. गोलबॅटचा क्रोबॅट मात्र तसा होत नाही. गेममध्ये जिव्हाळ्याचा एक छुपा आकडा असतो, ० ते २५५. सोबत चालत राहिलं की तो वाढतो. कडू औषध पाजलं किंवा लढाईत पोकेमॉन मूर्च्छित पडला की घटतो. तो २२० वर गेल्यानंतर लेव्हल वाढली, तरच क्रोबॅट. आणि मुख्य कथा संपल्यावर, शेवटी शेवटी सिल्व्हरकडे क्रोबॅट असतो!

भाचा हुशार. म्हणाला, “त्याने कुठे वाढवलाय? गेम बनवणाऱ्यांनी ठेवलाय.” अगदी बरोबर. पण त्यांना गोलबॅटच ठेवता आला असता. मायेशिवाय जो होतच नाही, तोच त्यांनी निवडला. जे त्याच्या तोंडून वदवलं नाही, ते त्याच्या संघातून सांगितलं.

त्याची महत्त्वाकांक्षा जात नाही. सर्वश्रेष्ठ होणार, हे तो पुढेही म्हणतोच. पण आता त्याचं कारण सांगताना पाठीशी असलेल्या पोकेमॉनकडे बोट दाखवतो. चोरलेला पोकेमॉनही शेवटपर्यंत त्याच्याच संघात राहतो. म्हणजे बदल खरा आणि चोरीही खरी. एकाने दुसरं पुसलं जात नाही. मुलगी आणि भाचा, दोघांनाही मी एवढंच कबूल करायला लावलं.

मंडळी, गोड बोलता न येणारी माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. कुणी भांडून गेलेला भाऊ वर्षांनी दारात येतो, आणि येतानाही टोमणाच घेऊन येतो. आपण त्या टोमण्यावरून निकाल देऊन मोकळे होतो. त्यापेक्षा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांकडे बघावं. त्याची मुलं त्याच्याजवळ मोकळी हसतात का? घरातली म्हातारी माणसं त्याला हक्काने हाक मारतात का? माफीचे शब्द पाठ करता येतात. पण जवळच्यांच्या मनातली भीती गेली, तर ती खोटी खोटी जात नाही.

एवढं बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!