विम्याचा निकाल कापणीच्या प्लॉटात लागतो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मतदारसंघातल्या बहुतेक मंडळांतली माणसे इथे आली आहेत. पुष्कळांच्या खिशात विम्याची पावती आहे आणि पुष्कळांचा प्रश्न एकच आहे. हप्ता भरला, पीक गेले, मग पैसा का नाही? शेजारच्या मंडळाला मिळाला, आम्हाला का नाही?

हाच प्रश्न घेऊन आम्ही कार्यकर्ते तहसीलच्या आणि कृषी कार्यालयाच्या दारात कितीदा उभे राहिलो. मोर्चे नेले, निवेदने दिली. दरवेळी उत्तर एकच मिळाले : तुमच्या मंडळाचे उत्पादन उंबरठ्याच्या वर आहे, कंपनी देणे लागत नाही. आम्ही जात होतो माघ-फाल्गुनात, आणि निकाल लागून गेला होता दिवाळीच्या आगेमागे, कुठल्या तरी गट नंबरात, आमच्यापैकी कोणी हजर नसताना. बैल गेला आणि झोपा केला, अशी आमची गत. ही चूक आमची होती, ती आधी कबूल करतो आणि मग पुढचे सांगतो.

हिशेब समजून घ्या

पीकविमा तुमच्या शेताचा नसतो, तुमच्या मंडळाचा असतो. हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. आपल्या देशात पीकविम्याची पहिली योजना आली ती कापसावरच. १९७२-७३ साली गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर ती चालली. पुढे आणखी पिके आणि राज्ये घेतली. १९७८-७९ पर्यंत ३११० शेतकऱ्यांकडून हप्ता जमला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. मग प्रा. वि. म. दांडेकरांनी मांडणी केली की, एकेका शेताचे मोजमाप परवडत नाही, भागाचे सरासरी उत्पादन मोजा आणि त्यावर सर्वांना सारखी भरपाई द्या. १९८५ च्या योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत पाया हाच आहे.

आता आकडा मांडू. उदाहरण आमचे आहे, पण रीत सरकारची आहे. समजा, एका मंडळात ज्वारीचे गेल्या सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन ८, १०, ५, ९, ११, ४ आणि १२ क्विंटल. त्यातली चांगली पाच वर्षे घ्यायची : ८, १०, ९, ११, १२. बेरीज ५०, सरासरी १०. आपल्या राज्यात जोखीमस्तर ७० टक्के धरतात, म्हणून उंबरठा उत्पादन झाले ७ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी ५ क्विंटल ६० किलो आली, तर तूट १ क्विंटल ४० किलो, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३० हजार असेल, तर हेक्टरी ६ हजार मिळतील. तुमच्या शेतात दोन क्विंटल झाले काय आणि आठ झाले काय, मिळणार ६ हजारच.

पण मंडळाची सरासरी ७ क्विंटल २० किलो आली, तर? शून्य. दहा क्विंटलांवरून सातापर्यंत पडलेली पहिली तीन क्विंटलांची खोट तुमचीच, विमा त्याच्या खाली सुरू होतो.

आता पुढचे नीट ऐका. समजा, मंडळात दहा प्लॉट कापले. आठ प्लॉट माळाच्या हलक्या जमिनीतले, तिथे ५ क्विंटलांचा उतारा. दोन प्लॉट नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीतले, तिथे १६ क्विंटलांचा. बेरीज ११२ नाही, ७२. सरासरी ७ क्विंटल २० किलो. दोन प्लॉटांनी सगळ्या मंडळाची भरपाई गेली.

ते दोन प्लॉट चिठ्ठीत खरेच निघाले असतील, तर आमची तक्रार नाही. सरकारी रीत अशी की गट नंबर आधी यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असतात. तक्रार तेव्हा, जेव्हा निवडलेला नंबर आत दोन कोसांवर चिखलात असतो म्हणून रस्त्याकाठचे हिरवे शेत कापले जाते. आणि तक्रार तेव्हाही, जेव्हा प्लॉट कापलाच जात नाही आणि कार्यालयात बसून आकडा भरला जातो.

कापूस आणि ज्वारी यांचे वेगळे दुखणे

ज्वारी एकदाच कापतात, कणसे खुडली, मळली, वजन केले. कापसाचे तसे नाही. तीन-चार वेचण्या होतात. पहिली वेचणी भरघोस आणि पुढची बोंडे अळीने किंवा पावसाने गेली, असे २०१७ साली गुलाबी बोंडअळीच्या वर्षी आपण सर्वांनी पाहिले. म्हणून त्याच प्लॉटातल्या प्रत्येक वेचणीचे वजन त्या-त्या वेळी नोंदले पाहिजे. पहिल्या वेचणीला सगळे येतात, तिसऱ्या वेचणीला कोणी येत नाही आणि मागचा आकडा अंदाजाने भरला जातो. तिथे आपला माणूस हवा.

दुसरे, विमा वजन पाहतो, भाव पाहत नाही. ज्वारी काढणीला आली आणि पाऊस बसला की कणीस काळे पडते. वजन बहुतेक भरते, बाजारात मात्र निम्म्या भावालाही कोणी विचारत नाही. फुटलेला कापूस भिजून कवडी झाला तरी तसेच. या नुकसानीला विम्यात जागा नाही. म्हणून विमा मिळाला की भावाचा प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये. विमा ही पडत्या वर्षाची काठी आहे, शेतमालाच्या भावाची लढाई वेगळीच लढावी लागते.

एक रुपयाचा धडा

२०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा दिला. अर्ज दीड कोटीच्या वर गेले. त्यात गायरानावर, देवस्थानाच्या आणि बिगरशेती जमिनीवर, न पेरलेल्या पिकांवरही अर्ज निघाले. ते करणारे थोडे होते, काही ठिकाणी अर्ज भरून देणारेच होते, पण किंमत सर्वांनी दिली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला. पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला जास्तीत जास्त ५ टक्के हप्ता आला.

त्याहून मोठी गोष्ट, पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही जोडीची संरक्षणे राज्याने त्याच हंगामात वगळली. राहिला फक्त कापणी प्रयोग. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले, उभी शेते खरवडून गेली. ज्यांनी बहात्तर तासांत तक्रार करण्याची जुनी सवय ठेवून फोन लावले, त्यांना कळले की हे आता विम्यात नाही.

इथे एक घोळ मिटवू. तलाठी पंचनामा करतो तो सरकारी मदतीसाठी. ती मदत वेगळी, विमा वेगळा. पंचनामा झाला म्हणजे विमा मिळाला असे नाही आणि मदत मिळाली म्हणून विम्याचा हक्कही जात नाही.

आपण काय करायचे

हप्ता भरण्यापूर्वी त्या हंगामाची जिल्ह्याची अधिसूचना पाहा. आपले पीक, आपले मंडळ, संरक्षित रक्कम, हप्ता आणि कोणती जोखीम आहे हे सर्व तिच्यात असते आणि ते दरवर्षी बदलू शकते. मुदतीच्या शेवटच्या दिवसावर राहू नका. कर्जदारांना २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्या, नाहीतर हप्ता कापला जाईल.

जे पेरले तेच लिहा. ई-पीक पाहणीत कापूस आणि अर्जात सोयाबीन असले की दावा गेला. आंतरपीक असेल तर क्षेत्र दोन्हीकडे सारखे लिहा. शेतकरी ओळख क्रमांक, आधार आणि बँकखाते यांतली नावे जुळवून घ्या.

आणि मुख्य काम. पेरणी उरकली की गावचा कापणी प्रयोगांचा तक्ता मागा, गट नंबरांसह, लेखी. ग्रामसभेत तो वाचून दाखवा. कापणीच्या दिवशी गावातली दोन माणसे प्लॉटावर हजर राहू द्या. गावपातळीच्या समितीत सरपंच आणि पोलीस पाटील असतात, त्यांनाही घेऊन जा. चार गोष्टी पाहा : गट नंबर तोच आहे का, प्लॉट दोरीने आखला का, वजन समोर झाले का, आणि आकडा तोच नोंदला का. वहीत तारखेसह लिहून ठेवा. काही चुकले तर त्याच दिवशी लेखी कळवा. पुढे तालुका तक्रार निवारण समितीपुढे, जिचे अध्यक्ष तहसीलदार असतात, ती वहीच बोलेल. १४४४७ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

एक पथ्य मात्र पाळा. प्लॉटातली कणसे रात्री खुडायची नाहीत, कर्मचाऱ्यावर दडपण आणायचे नाही. खोटे वजन कमी करून मिळवलेला पैसा आपल्या मागणीचे पाय तोडतो. एक रुपयाच्या योजनेने हेच शिकवले.

माणसाचाही विचार करा

पिकाच्या नादात माणसाचे विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. अशी विषबाधा, वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती असे दोघे त्यात येतात. हप्ता भरायचा नाही, पण तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे प्रस्ताव गेला पाहिजे. एका गावात साप चावून गेलेल्या बाईचे घरच्यांनी रातोरात उरकले. शवविच्छेदन नाही, पंचनामा नाही, मग प्रस्तावाला आधार काय? दुःखाच्या वेळी हे बोलणे जड जाते, म्हणून आज बोलतो. प्रत्येक गावात दोन जाणत्या माणसांना हे पाठ असू द्या.

आमदारांना काय विचारायचे

आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, ते आपले प्रतिनिधी आहेत. त्यांच्याकडे नुसते गाऱ्हाणे नेऊ नका, तीन प्रश्न न्या आणि उत्तर लेखी मागा.

पहिला : केंद्राच्या मार्गदर्शक सूचना मुख्य पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हा घटक सांगतात. मग आमच्या कापसाला आणि ज्वारीला मंडळ का? एकाच मंडळात माळ आणि नदीकाठ, एका शिवारात पाऊस आणि दुसऱ्यात धूळ, हे सभागृहात कोण सांगणार?

दुसरा : प्रयोगाचा तक्ता आणि प्रत्येक प्लॉटाचे वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागत नाही?

तिसरा : रानडुक्कर आणि रोही यांनी केलेले नुकसान विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, २०२६ च्या खरिपापासून. आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचनेत ते आहे का? स्थानिक आपत्तीचे काय?

जाता जाता गावाकडची एक खबर. आमच्या फिरतीतल्या एका गावात बायांच्या बचतगटाने कापणीची वही सांभाळायला घेतली आहे. त्या म्हणाल्या, वेचणी आम्हीच करतो, वजन आम्हीच पाहतो, मग नोंद दुसऱ्याने का करायची? याहून चांगले भाषण आम्हाला करता येणार नाही. पुढच्या बैठकीला येताना निवेदन नको, प्रत्येक गावाची वही आणा.