जिवंत पेशीचं त्रिमितीय दर्शन

मुंबईत, कुलाब्याच्या नेव्हीनगरात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पेशीला न कापता, न मारता तिचं अंतरंग पाहण्याच्या तंत्रावर इथे डॉ. सुदीप्त मैती यांनी मोलाचं काम केलं आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकात नमुन्याचे वरचे-खालचे थर एकमेकांत मिसळतात आणि चित्र धूसर होतं. शिवाय तीव्र प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी, पेशीला इजा होते. १९९० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रिड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी यावर मार्ग काढला. अवरक्त लेसरचे अत्यंत अल्पकाळ टिकणारे स्पंद एका बिंदूवर एकवटायचे. रेणूने दोन फोटॉन एकाच वेळी शोषले तरच तो चमकतो, आणि फोटॉनांची एवढी दाटी फक्त त्या बिंदूपाशीच असते. बिंदू सरकवत एकेक थर टिपला, की त्रिमितीय चित्र तयार होतं. अवरक्त प्रकाश ऊतींमध्ये अधिक खोलवरही पोचतो.

पुढे १९९७ मध्ये, कॉर्नेलमध्येच, मैती, वेब आणि सहकाऱ्यांनी एकाच वेळी तीन फोटॉन वापरून जिवंत पेशींतलं सेरोटोनिन पाहिलं, तेही बाहेरून कोणताही रंग न घालता. झोप आणि मनःस्थिती यांच्याशी निगडित असलेलं हे रसायन. अशा रसायनांवर परिणाम करणारं औषध पेशीत नेमकं काय घडवतं, हे पेशी जिवंत असतानाच समजायला हवं. त्यासाठी हे तंत्र फार मोलाचं आहे.