आधी पक्ष लिहा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला स्टार्टअपविषयी बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. पण आपल्या १९९६ च्या बॅचच्या ग्रुपवर विषय जाहीर झाला आणि मला चार फोन आले. दोघांची मुलं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि त्यांना नोकरी करायची नाही. एक मैत्रीण स्वतःच नोकरी सोडायच्या विचारात आहे. चौथा म्हणाला, "पोराला राहत्या घरावर कर्ज काढून देऊ का, एवढंच सांग." त्यानंतर मला नाही म्हणवेना.

भूमितीच्या तासाला सर आधी पक्ष आणि साध्य लिहायला लावायचे, मग सिद्धता. पक्ष न लिहिता कुणी थेट सिद्धतेला हात घातला की वही परत मिळायची. २०१८ मध्ये मी आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मित्राने कंपनी काढली, तेव्हा आम्ही नेमकी हीच चूक केली. आपल्या हातात काय आहे ते न मांडता थेट पुढे निघालो. त्यामुळे आज मी तुम्हाला मुख्यतः माझ्या चुकाच सांगणार आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात : "माझी कल्पना कुणी चोरली तर?" कायद्याने कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या प्रोग्रामला मिळतो. १९७० च्या पेटंट कायद्यातही निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. तेव्हा कल्पना उशाशी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती गिऱ्हाइकाला लवकर दाखवा. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करत होतो. नऊ महिने बंद खोलीत बसून आलेख, तक्ते, विश्लेषण असं बरंच काही बनवलं. मग एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये दिवसभर बसले, तेव्हा दिसलं की तिथला तंत्रज्ञ एकाच पेशंटचं नाव पावतीवर, रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टवर असं तीनदा लिहितो. त्याला फक्त ते एकदाच लिहायचं होतं आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचा होता. आमचे आलेख त्याने उघडूनही पाहिले नाहीत. तो एक दिवस मी आधी दिला असता तर नऊ महिने वाचले असते.

रहिमतपूरच्या कैलास काटकरांचं उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकट्या भावाने, संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. तेच पुढे क्विक हील झालं. अडचण गिऱ्हाइकासोबत दुकानात चालत आली होती. ती ओळखणारा माणूस तिथे बसलेला होता.

दुसरा प्रश्न भागीदाराचा. आम्ही चहाच्या टपरीवर ठरवलं, पन्नास-पन्नास टक्के. "आपल्यात कसले करार!" असं दोघंही म्हणालो. चौदा महिन्यांनी त्याच्या घरची परिस्थिती बदलली आणि त्याला परगावी नोकरी धरावी लागली. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण निम्मी कंपनी त्याच्या नावावर राहिली. गुंतवणूकदार म्हणाले, "काम न करणाऱ्या माणसाकडे निम्मे शेअर्स असतील तर आम्ही पैसे घालणार नाही." शेवटी वकिलांमार्फत त्याचे शेअर्स विकत घ्यावे लागले. त्यात पैसे गेले ते गेलेच, पण आम्ही चार वर्षं एकमेकांशी बोललो नाही. गेल्या दिवाळीत मीच फोन केला. बोललो, पूर्वीसारखं नाही.

यावर उपाय साधा आहे, तो पहिल्याच दिवशी करायचा असतो. शेअर्स चार वर्षांत हळूहळू आपले होतील आणि वर्षाच्या आत सोडून गेल्यास काहीच मिळणार नाही, असा लेखी करार करायचा. असा करार असता तर अठ्ठेचाळीसपैकी चौदा महिन्यांच्या हिशोबाने त्याच्याकडे कंपनीचा साधारण साडेचौदा टक्के हिस्सा राहिला असता. तो त्याच्या कष्टाचाच होता आणि आमची मैत्रीही शाबूत राहिली असती. मैत्री आहे म्हणून करार नको, असं आम्ही म्हणत होतो. आज मी म्हणते, मैत्री आहे म्हणूनच करार करा.

तिसरा प्रश्न पैशाचा. फायदा असूनही कंपनी बुडू शकते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही दहा लाखांचं बिल पाठवलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार. हा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारला भरायचा असतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ते पैसे आले पाच महिन्यांनी. मधल्या काळात सहा जणांचे पगार होते. मी मुलीच्या नावची एफडी मोडली आणि तीन महिने घरी सांगितलं नाही. ते जेव्हा कळलं, तेव्हा नवरा पैशाबद्दल एक शब्द बोलला नाही. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून मुलांना सांगा, पहिल्या आठवड्यातच 'उद्यम' नोंदणी करा. ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आमची लघुउद्योग म्हणून नोंदणीच नव्हती, त्यामुळे आम्हाला नुसत्या विनवण्या कराव्या लागल्या. आणि शक्य असेल तिथे कामाआधी तिसरा हिस्सा आगाऊ घ्या. मागायला लाज वाटते, पण त्यामुळे गिऱ्हाईक जात नाही.

आता चौथ्या फोनचं उत्तर. घर गहाण ठेवू नकोस. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत जबाबदारी मर्यादित असते हे खरं, पण बँकेच्या कागदावर वैयक्तिक हमीची सही केलीस की त्या हमीपुरती ती मर्यादा उरत नाही. लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून केंद्र सरकार आणि सिडबीने २००० सालापासून पतहमी निधी चालवला आहे. बँकेत आधी त्याची चौकशी कर. आणि मुलासोबत बसून दोन गोष्टी कागदावर लिही : किती रुपये गेले तरी चालतील आणि कोणत्या तारखेला थांबायचं. हे आज लिहायचं, कारण त्या तारखेला "अजून दोनच महिने" असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या बाबतीत त्या दोन महिन्यांत गिऱ्हाईक आलं, पण तो नशिबाचा भाग होता. त्याला मी हुशारी म्हणणार नाही.

आज आमच्या कंपनीत तेवीस माणसं आहेत. ती मोठी नाही, पण पगार वेळेवर होतात आणि माझ्या घरी सगळे हिशोब माहीत असतात. एवढं जमायला मला सात वर्षं लागली.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. माझ्याही वह्या तुम्ही परत केल्या होत्या. तेव्हा राग आला होता; आता मी मुलांचे आराखडे तसेच परत करते. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला किंवा मुलीला आराखडा दाखवायचा असेल, तर जरूर पाठवा. फक्त पहिल्या पानावर पक्ष लिहिलेला असू दे.